पाकिटावरचा पत्ता

या शनिवारी सर्व्हर बदलायचं काम काढलं होतं. जुना भाड्याचा सर्व्हर फारच म्हातारा झाला होता, त्यावरच्या डेबियनला सिक्युरिटी अपडेट येणं बंद झालेलं, आणि "पुढच्या आठवड्यात नक्की" असं म्हणत मी सहा महिने काढले होते. शेवटी सकाळचा चहा झाल्यावर बसलोच. पोस्टफिक्सच्या चार फाइली नव्या मशीनवर न्यायच्या, डीएनएसमधल्या नोंदी बदलायच्या, की जेवणाआधी विषय संपला. निदान कागदावर तरी.

त्यात एलियसेसची फाईल उघडली. सगळ्यात वर मीच कधीतरी लिहून ठेवलेली एक कॉमेंट होती:

# ओनरची ओळ काढू नकोस. सप्टेंबर २०१९ आठव.

आठवलं. काम तिथेच राहिलं. म्हटलं, हे एकदा लिहूनच काढू. स्वतःचा मेल सर्व्हर चालवणारे आता फार उरलेले नाहीत, पण कुठल्यातरी सोसायटीचा, मंडळाचा, शाळेचा 'संपर्क@' असा पत्ता चार जणांकडे वळवून निश्चिंत झालेले लोक पुष्कळ आहेत. मीही त्यातलाच एक होतो.

तर, आमच्या तालुक्यात एक छोटासा ट्रस्ट आहे. दहावी-बारावीनंतर शिकणाऱ्या मुलामुलींना पहिल्या वर्षाच्या फीसाठी मदत करतो. वर्षाला पंचवीस-तीस अर्ज येतात, त्यातले दहा-बारा मंजूर होतात. विश्वस्त तिघं: चिटणीस काका, एक डॉक्टर, आणि शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या मॅडम. मी विश्वस्त वगैरे काही नाही. मी म्हणजे "आपला कॉम्प्युटरवाला".

२००८ साली अर्ज ई-मेलनेही घ्यायचे ठरले तेव्हा डोमेन घेण्यापासून सगळं माझ्याकडे आलं. तिघांनाही स्वतःच्या जुन्या मेलबॉक्स सोडून चौथी उघडायची नव्हती. म्हणून मी एक एलियस केला. एलियस म्हणजे फक्त एक ओळ:

अर्ज: चिटणीस, डॉक्टर, मॅडम

डावीकडे जाहीर करायचा पत्ता, मध्ये कोलन, उजवीकडे ज्यांना पोचवायचं ते. (उजवीकडे अर्थातच त्यांचे खरे पत्ते होते.) फाईल सेव्ह करायची, 'न्यूएलियसेस' अशी कमांड द्यायची, झालं. ही कमांड विसरलात तर काहीच होत नाही, कारण पोस्टफिक्स ती फाईल थेट वाचत नाही, तिच्यावरून बनवलेला डेटाबेस वाचतो. पहिल्यांदा मी हेच विसरलो होतो आणि तासभर डोकं खाजवत बसलो होतो.

ही फाईल सेंडमेलच्या काळापासून चालत आलेली आहे. एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बर्कलीच्या विद्यापीठात सेंडमेल लिहिलं. वीत्स वेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहिलेलं पोस्टफिक्स १९९८ मध्ये लोकांच्या हातात आलं. आतलं सगळं यंत्र वेगळं, पण त्यांनीही या फाईलची मांडणी तीच ठेवली. मला तर ती तेव्हा फार आवडली होती. एका ओळीत तीन माणसं कामाला!

आणि ते चाललंही. मुलं 'अर्ज@' वर पत्र पाठवायची, तिघांना प्रत मिळायची, आणि उत्तर काका द्यायचे. दर वेळी काकाच. "अर्ज मिळाला, गुणपत्रिकेची प्रत जोडलेली नाही ती पाठव", "तुझ्या शाळेच्या सरांचा फोन नंबर दे", असं सगळं. डॉक्टर आणि मॅडम नुसतं वाचायचे. अकरा वर्षं मला त्या फाईलकडे बघायची गरज पडली नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये डॉक्टरांचा फोन आला.

"अरे, ते मेलचं काय करून ठेवलंयस? इथे एक सर आलेत. त्यांच्या विद्यार्थिनीला आपण नकार दिला म्हणताहेत. आपण तर तिचा अर्ज पाहिलेलाच नाही!"

"डॉक्टर, नकार मेलने दिला?"

"हो. प्रिंट घेऊन आलेत ते."

त्या प्रिंटचा फोटो मी मागवला. मुलीने जुलैच्या पहिल्या आठवड्यात अर्ज पाठवला होता. पाच मिनिटांत तिला इंग्रजीत उत्तर आलं होतं. विषय: 'अनडिलिव्हर्ड मेल रिटर्न्ड टू सेंडर'. खाली माझ्याच सर्व्हरचं नाव. मग दिलगिरीचं एक वाक्य. मग आकडे, ५५० ५.१.१, आणि शेवटी ती ओळ: 'रेसिपियंट ॲड्रेस रिजेक्टेड: यूजर अननोन'.

आपण धंद्यातली माणसं. ही ओळ दिसली की आपण न वाचताच पुढे जातो. 'असा कोणी माणूस या मेलबॉक्सवर नाही' एवढाच तिचा अर्थ. पण ती मुलगी दहावीपर्यंत शिकली आमच्या तालुक्यातल्या शाळेत, आणि तिचं घर मात्र शेजारच्या तालुक्यात, हद्दीपासून दोन किलोमीटरवर. ट्रस्टच्या नियमात शाळा तालुक्यातली असली की पुरतं, पण ते अर्जात कुठे स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. अर्ज करतानाच तिच्या मनात ती धाकधूक होती. म्हणजे तिने ती ओळ शब्दकोश घेऊन वाचली असणार: रेसिपियंट म्हणजे मदत घेणारा, ॲड्रेस म्हणजे पत्ता, रिजेक्टेड म्हणजे नामंजूर. मदत घेणाऱ्याचा पत्ता नामंजूर. त्यापुढे 'तुम्हाला ओळखत नाही' असंही लिहिलेलं!

तिने झेरॉक्सच्या दुकानातून त्याची प्रिंट काढली, अर्जाच्या फायलीत लावली आणि विषय संपवला. कोणाला फोन केला नाही. का करेल? उत्तर तर आलेलंच होतं.

त्या रात्री सर्व्हरवर लॉग शोधायला बसलो. मिळाले नाहीत. मेलचे लॉग आठवड्याला बदलायचे आणि चार ठेवायचे अशी जी मूळची सोय असते तीच होती, त्यामुळे जुलै कधीच पुसला गेला होता. तिची प्रिंट हाच एकमेव पुरावा. पण प्रिंट नीट वाचल्यावर कोडं सुटलं. नाकारलेला पत्ता काकांचा होता. काका मे महिन्यात नोकरीतून निवृत्त झाले. त्यांचा मेलबॉक्स कंपनीचा. कंपनीने तो जूनअखेर बंद केला. काकांनी नवा पत्ता केला, सगळ्यांना कळवलाही, मलाही कळवला. मी "हो काका, करतो" म्हटलं होतं आणि केलं नव्हतं.

आता खरी गोम सांगतो. काकांकडचं पत्र परत आलं, तर ते मला का नाही कळलं? त्या मुलीला का कळलं?

ई-मेलला दोन पत्ते असतात. एक पत्राच्या आत, 'फ्रॉम' म्हणून आपल्याला दिसतो तो. दुसरा पाकिटावरचा, जो सर्व्हर एकमेकांत बोलताना वापरतात आणि आपल्याला सहसा दिसत नाही. पत्र पोचलं नाही तर ते पाकिटावरच्या प्रेषकाकडे परत जातं. त्यालाच बाउन्स म्हणायचं. बाउन्सच्या स्वतःच्या पाकिटावर प्रेषकाची जागा मुद्दाम कोरी ठेवतात, नाहीतर दोन सर्व्हर एकमेकांकडे जन्मभर पत्रं परत करत बसले असते.

एलियस काय करतो? घर सोडून गेलेल्या भाडेकरूचं पत्र आलं की आपण पाकिटावरचा जुना पत्ता खोडतो, बाजूला नवा लिहितो आणि पुन्हा पोस्टाच्या पेटीत टाकतो. अगदी तेवढंच. डाव्या कोपऱ्यातला प्रेषक आहे तसाच राहतो. तिथेही माणूस सापडला नाही तर पोस्ट ते पत्र मूळ प्रेषकाला परत करणार, खाडाखोड करणाऱ्या आपल्याला नव्हे. त्या मुलीचं तेच झालं. जिथे तिने कधी पत्र पाठवलंच नव्हतं त्या पत्त्याबद्दलची तक्रार तिला पोचली. आणि काकांचा खाजगी पत्ता तिला फुकट कळला तो वेगळाच.

बरं, उरलेल्या दोन प्रतींचं काय? मॅडमना प्रत मिळाली होती. त्यांनी वाचली, "काका बघतील" म्हणून सोडून दिली. आणि डॉक्टरांची प्रत स्पॅममध्ये पडली होती. त्यालाही कारण तेच पाकीट. पाकिटावर त्या मुलीच्या मेल कंपनीचं डोमेन, आणि पत्र आणून देणारा सर्व्हर माझा. कुठल्या डोमेनची पत्रं कुठल्या सर्व्हरवरून यावीत याची यादी डीएनएसमध्ये जाहीर करायची जी पद्धत आहे, एसपीएफ, तिच्या हिशोबात माझा सर्व्हर म्हणजे दुसऱ्याच्या नावाने पत्र टाकणारा भामटा. डॉक्टरांच्या मेल कंपनीने संशय घेतला, यात तिची काही चूक नाही.

म्हणजे पत्र तिघांना गेलं, एकाकडून परत आलं, एकाच्या स्पॅममध्ये बसलं आणि एकीने दुसऱ्यावर सोडलं. सर्व्हरच्या दृष्टीने सगळं नियमानुसार!

मुलीने प्रवेश सोडला नव्हता, एवढं नशीब. वडिलांनी पतसंस्थेतून कर्ज काढून पॉलिटेक्निकची फी भरली होती. ट्रस्टने सप्टेंबरच्या बैठकीत तिची मदत मंजूर केली. कर्जाचं व्याज देता येईल का असं मॅडमनी विचारलं, तर नियमात ते बसेना. मग ते आम्ही चौघांनी मिळून दिलं. रक्कम मोठी नव्हती. काका फोनवर म्हणाले, "अरे, मीच तुला पुन्हा एकदा आठवण करायला हवी होती." मला काय बोलावं ते सुचेना. त्यांनी एकदा सांगितलं होतं, तेवढं पुरेसं होतं.

पुढच्या शनिवारी मी दुरुस्तीला बसलो आणि, अपराधी माणूस करतो तसं, गरजेपेक्षा जास्त केलं. एलियस नकोच, म्हटलं, सरळ मेलिंग लिस्ट करू. जुन्या विद्यार्थ्यांसाठी मेलमनवर एक लिस्ट चालूच होती. तशीच 'अर्ज' नावाची केली, तिघांना सभासद केलं आणि भाचीला म्हटलं, "यावर एक पत्र पाठव गं."

दोन मिनिटांत तिचा फोन. "मामा, हे म्हणतंय की मी मेंबर नाही, माझं पत्र अडवून ठेवलंय, मॉडरेटर ठरवणार."

झालं! पुन्हा तेच. सभासदांपुरत्या लिस्टवर बाहेरच्याने लिहिलं की मेलमन ते अडवून ठेवतो आणि तसं कळवतो. ते योग्यच आहे. पण फीसाठी पैसे मागणाऱ्या सतरा वर्षांच्या पोराला 'तुम्ही सभासद नाही' हे कसं लागेल, ते आता मला कळलेलं होतं. लिस्ट तर रद्दच केली. आणि थोडा विचार करून, मग काम केलं.

पहिलं काम, ओनर. एलियसेसच्या फाईलमध्ये 'अर्ज' असेल आणि त्याच्या जोडीला 'ओनर-अर्ज' अशी ओळ असेल, तर पोस्टफिक्स बाहेर पाठवताना पाकिटावर प्रेषक म्हणून 'ओनर-अर्ज' घालतो. सेंडमेलपासूनचाच हा रिवाज आहे. म्हणजे आता आपण नुसती खाडाखोड करत नाही, पत्र आपल्या नव्या पाकिटात घालून पाठवतो. परत आलं तर आपल्याकडे येतं. आतलं पत्र जसंच्या तसं, 'फ्रॉम'वर मुलीचंच नाव, उत्तर दिलं की तिलाच जातं. आणि पाकिटावर आपलं डोमेन आल्यामुळे एसपीएफची कटकटही मिटते.

यात एक खड्डा आहे, त्यात मी पडलो. हा रिवाज फक्त एलियसेसच्या फाईलला लागू आहे. पोस्टफिक्समध्ये व्हर्च्युअल एलियसचा दुसरा तक्ता असतो, बरेच लोक (आणि मी) एकापेक्षा जास्त डोमेन असली की सगळं त्यातच भरतात. तो तक्ता फक्त पत्ते बदलतो, ओनर-बिनर ओळखत नाही. तेव्हा व्हर्च्युअलमधून आधी एलियसेसमधल्या नावाकडे वळवायचं, आणि माणसांची नावं तिथे ठेवायची.

दुसरं काम, पेटी. उजवीकडच्या यादीत पहिलं नाव आमच्याच सर्व्हरवरच्या एका मेलबॉक्सचं घातलं. कोणाची नोकरी सुटो, कोणाचा मेलबॉक्स भरो, एक प्रत आपल्या घरात राहणार. हे २००८ मध्ये केलं असतं तर लॉगसुद्धा शोधावे लागले नसते.

तिसरं काम, पोच. अर्ज आला की आपोआप मराठीत उत्तर जातं: तुमचा अर्ज आम्हाला मिळाला. ही फक्त पोच आहे, मंजुरी किंवा नकार नव्हे. दहा दिवसांत आमच्यापैकी कोणीतरी स्वतः उत्तर देईल, न आल्यास या नंबरवर फोन करा. नंबर मॅडमचा, त्यांच्या परवानगीने. मजकूरही त्यांनीच लिहिला. मी लिहिलेला त्यांनी लाल पेनाने तपासून परत केला होता. अशा यंत्राने बाउन्सना आणि दुसऱ्या यंत्रांच्या उत्तरांना उत्तर द्यायचं नसतं, ती खबरदारी मात्र माझी.

आणि जुन्या विद्यार्थ्यांची मेलिंग लिस्ट? ती आहे तशीच आहे, पण ती का लिस्ट आहे हे मला या प्रकरणानंतर समजलं. लिस्ट म्हणजे लांबलचक एलियस, असं मी समजत होतो. लिस्ट बाउन्स स्वतःकडे घेते आणि मोजते. प्रत्येक सभासदाच्या पाकिटावर थोडा वेगळा प्रेषक घालता येतो, त्यामुळे परत आलेलं पत्र नेमकं कोणाचं ते न वाचता कळतं. मेलमनमध्ये मूळ हिशोब असा: दिवसाला जास्तीत जास्त एक गुण, पाच झाले की त्या सभासदाला पत्रं बंद, आणि सात दिवस नवा बाउन्स नाही आला तर जुने गुण शिळे, पुन्हा मोजायला सुरुवात. रोज गजबजलेल्या लिस्टला हे छान. आमच्या लिस्टवर महिन्याला दोन पत्रं! पाच गुण व्हायचेच नाहीत. सात दिवसांचे तीनशे केले, पाचाचे तीन केले, तेव्हा मेलेले पत्ते एकेक करून वर यायला लागले. एकूण अकरा. त्या अकरा जणांना एकेक करून फोन केले. नऊ सापडले.

लिस्टचे स्वतःचेही ताप आहेत. विषयात कंसातलं नाव घाल, खाली तळटीप जोड, असं केलं की पत्रावरची डीकेआयएमची डिजिटल सही मोडते. एप्रिल २०१४ मध्ये याहूने, आणि त्याच महिन्यात एओएलनेही, 'आमच्या नावाचं पत्र तपासणीत बसलं नाही तर सरळ नाकारा' असं डीमार्कमधून जाहीर केलं, तेव्हा जगभरच्या लिस्टांची धांदल उडाली होती. तेव्हापासून लिस्टवरच्या पत्रावर 'अमुक, तमुक लिस्टमार्फत' असं दिसायला लागलं. साधा एलियस आतल्या पत्राला हात लावत नाही, म्हणून ती सही शाबूत राहते. अर्जांसाठी एलियसच बरा, याचं हेही एक कारण.

शेवटचं एक. 'पोस्टमास्टर' हा पत्ता प्रत्येक मेल सर्व्हरवर असलाच पाहिजे असं मेलचं मूळ प्रमाणपत्रक सांगतं, हल्लीचं आरएफसी ५३२१, २००८ चं. 'अब्यूज', 'वेबमास्टर' वगैरे नावांची यादी १९९७ च्या आरएफसी २१४२ मध्ये आहे. माझ्या सर्व्हरवर ती सगळी नावं होती. सगळी 'रूट'कडे वळवलेली. आणि 'रूट' कोणाकडे? माझ्या पुण्यातल्या आधीच्या नोकरीच्या पत्त्याकडे, जी मी २०१६ मध्ये सोडली. म्हणजे काकांचा एकट्याचा पत्ता मेलेला नव्हता. फरक इतकाच की माझ्यामुळे कोणाची फी अडली नव्हती.

आता दर वर्षी मेच्या शेवटी एक काम ठरलेलं आहे. बाहेरच्या पत्त्यावरून प्रत्येक एलियसवर पत्र पाठवायचं आणि उजवीकडच्या प्रत्येकाला फोन करून विचारायचं, "आलं का?" काका पंचाहत्तरीकडे झुकलेत, तरी त्यांचा फोन पहिला असतो. मी करायच्या आधी त्यांचाच येतो.

असो. आज संध्याकाळी नवा सर्व्हर चालू झाला. एलियसेसची फाईल कॉमेंटसकट तशीच उचलून नेली. मग 'अर्ज'च्या ओळीत मुद्दाम एक खोटा पत्ता घातला, न्यूएलियसेस दिलं (या वेळी विसरलो नाही) आणि मोबाईलवरून एक पत्र पाठवलं. मोबाईलवर मॅडमच्या मराठीतली पोच आली. आणि मिनिटाभराने 'ओनर-अर्ज'च्या पेटीत इंग्रजीतला बाउन्स येऊन पडला. रेसिपियंट ॲड्रेस रिजेक्टेड.

तो खोटा पत्ता काढला, पुन्हा न्यूएलियसेस दिलं, आणि जेवायला गेलो. दुपारचं जेवण रात्री नऊला.